डाव्या अंगाची कडी

लालासाहेब विरकरांशी माझी ओळख भांडणानं झाली. साताऱ्याला कलेक्टर कचेरीसमोरच्या गल्लीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. मी भार्गवी लेले, माहेर वाईचं, सासर साताऱ्याचं. बावीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून देते. वारसनोंद, पेन्शन, रेशनकार्ड, बांधावरच्या मारामाऱ्या, सगळं माझ्या बोटांखालून गेलंय. त्यामुळे अर्जात कुठला शब्द कुठं बसतो ते मला कुणी शिकवू नये, असा माझा बाणा. तर हे गृहस्थ येऊन समोर बसले. मिशी पांढरी, शर्टाची बटणं पार गळ्यापर्यंत. ते सांगत होते आणि मी टाइप करत होते. 'जुनी बंदूक' एवढं उमटलं आणि त्यांनी थेट स्क्रीनवर बोट ठेवलं.

"बंदूक न्हवं, बाई. कार्बाइन."

"तेच ते."

"तेच कसं? आखूड असती ती. घोड्यावर बसून चालवायची. तुमी घोड्याला गाढव म्हनता काय?"

कचेरीत दोन्ही खपतात, असं मी म्हटलं. ते हसले नाहीत. मी मुकाट्यानं शब्द बदलला, आणि पुढच्या नऊ वर्षांत त्यांचे निदान तीस अर्ज लिहिले.

लालासाहेब मूळचे म्हसवडजवळच्या एका वाडीचे. फौजेत आर्मरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारे कारागीर. हवालदार होऊन निवृत्त झाले आणि साताऱ्यात घर बांधून राहिले. बाकीचे निवृत्त फौजी सोसायटीच्या निवडणुका लढवतात, ऊस लावतात, नाहीतर बँकेच्या दारात पहारा करतात. यांनी कार्बाइनी जमवायला घेतल्या. आपल्याकडे हा शौक म्हणजे इंगळाशी खेळ. परवाना नसलेलं हत्यार घरात सापडलं तर सरळ तुरुंग. म्हणून ते फक्त निकामी केलेल्या, नळीला भोक पाडलेल्या जुन्या कार्बाइनी घ्यायचे. एकेकीसाठी अर्ज, तपासणी, दाखला, पुन्हा अर्ज. बैठकीच्या भिंतीवर अशा चार टांगलेल्या होत्या, चौघींचे दाखले खाली फ्रेम करून. मला त्या चार लाटण्यांसारख्या दिसायच्या. ते मात्र हिची नेम धरायची माशी वेगळी, तिची पकड वेगळी, ही घोडदळाची, ती तोफखान्याची, असं तासभर समजावायचे. पाचव्या जागी दोन मोकळ्या खुंट्या होत्या.

त्यांच्या पत्नी अंबूबाई चहा ठेवता ठेवता सुनावायच्या, "लोकांच्या भित्तीवर वाडवडील असत्यात, आमच्यात ह्या. पोरीला बघायला आलेली मानसं चहा न पिता उठली, ठावं हाय का बाई तुमास्नी?" देव्हारा अंबूबाईंचा एकटीचा. लालासाहेब देवाला हात जोडत नसत. हात तेलकट हायत, म्हणायचे. खरं तर त्यांचा डोळ्यांनी दिसेल आणि फुटपट्टीनं मोजता येईल त्यावरच विश्वास होता.

मोकळ्या खुंट्यांचं त्यांनी मला उशिरा सांगितलं. दुपारची वेळ होती, लाइट गेली होती, दुकानात चिटपाखरू नव्हतं. ते म्हणाले, "बाई, एक अर्ज असा हाय, जो कुनाला करायचा तेच मला ठावं न्हाई."

तेविसाव्या वर्षी ते दूर उत्तरेकडच्या एका डेपोत होते. कुठल्याशा संस्थानाच्या घोडदळातल्या जुन्या कार्बाइनींच्या पेट्या तिथं आल्या. साहेबांचा बोर्ड बसला, माल कंडम ठरला. कंडम हा शब्द आपण फुटक्या बादलीपासून बिघडलेल्या एसटीपर्यंत कशालाही लावतो, फौजेत मात्र तो शिक्का असतो. शिक्का बसला की माल कापायचा. कापायचं काम लालासाहेबांकडे आलं. सदतीस कार्बाइनी त्यांनी व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या शिकंज्यात, धरून गॅसकटरनं कापल्या. त्यातली एक व्हाइसमध्ये नीट बसेना, कारण तिची पट्ट्याची कडी इतरांसारखी उजवीकडे नव्हती, डाव्या अंगाला होती. कडीच्या वर दोन चंद्रकोरींची बारीक मोहोर होती. त्यांनी वैतागून ती उलटी धरली आणि कापली.

वीस वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, एका कर्नलसाहेबांची शिकारीची बंदूक साफ करायला गेले असताना तिथल्या कपाटातल्या पुस्तकात त्यांना तीच दिसली. डावी कडी, दोन चंद्रकोरी. खाली काय लिहिलंय ते कर्नलसाहेबांनी वाचून दाखवलं. अशा थोड्याच घडवल्या गेल्या होत्या, आणि आज कुठंही एक शिल्लक असल्याची नोंद नाही.

"म्हंजे शेवटची मी मारली," लालासाहेब म्हणाले. "माझ्या हातानं. वर सही बी केली, कंडम म्हनून."

मी म्हटलं, हुकूम होता. ते म्हणाले, "हुकूम होता, पर डोळं माझंच व्हतं न्हवं." त्यांचे डोळे भरले होते आणि मला कुठं बघावं ते कळेना. लाइट आली, मी पंखा लावला आणि उगाच कागद सारखे करत बसले.

म्हणजे त्यांचा शौक हा शौक नव्हताच. तशी एक जरी कुठं शिल्लक असली तर शेवटची आपण मारली नाही, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. त्यासाठी ते माण-खटावपासून मिरजेपर्यंत जुन्या फौजी घरांची माडी-माळवदं धुंडाळत फिरले. आणि चार वर्षांपूर्वी त्यांना पलटणबाबा सापडला.

कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, का ते पुढे कळेल. तिथं मनुबाई नावाच्या ऐंशीच्या म्हातारीच्या देवघरात, कोनाड्यात, दोन-अडीच हात उंचीची एक शेंदरी वस्तू उभी आहे. मनुबाईंचे आजेसासरे संस्थानाच्या घोडदळात स्वार होते. त्यांच्यामागं त्यांची कार्बाइन घरात राहिली. दर खंडेनवमीला, हत्यारं पुजायच्या दिवशी, तिला तेलात कालवलेला शेंदूर लागला. शंभर वर्षं लागत राहिला. आता तिला इतकं जाड कवच चढलंय की नवख्या माणसाला ती बंदूक वाटतच नाही. भरतीला जाणारी गावातली पोरं आधी तिच्या पाया पडतात. तिलाच म्हणायचं पलटणबाबा.

लालासाहेबांनी बघताक्षणी लांबी ओळखली. डाव्या अंगाला कवचाखाली फुगवटा होता. तिथं नखानं एवढंसं खरवडलं की झालं. पण मनुबाई चपळ. "हात जोडायचं आसलं तर जोडा, न्हाईतर हात मागं घ्या. द्येवाला खरवडत्यात व्हय?" तीन वर्षं हे खेटे घालत होते आणि तीन वर्षं म्हातारी चहा पाजून वाटेला लावत होती.

गेल्या वर्षी निवडणुकीच्या तोंडावर ते दुकानात आले. आचारसंहिता लागली होती, परवान्याची हत्यारंसुद्धा ठाण्यात जमा होत होती. म्हणाले, मनुबाईंकडं कागद नाही, कुणी खबर दिली तर म्हातारी अडकेल, त्याआधी आपणच सांगलीला अर्ज करू, की तपासणी करून पुरातन म्हणून मोकळी करा. हे खरंच होतं. पण तपासणी सरकारी झाली की कवच काढावंच लागेल, आणि मग मनुबाईंचा 'हात मागं घ्या' चालणार नाही, हेही खरं होतं. अर्जामागं हेतू दोन होते, मी लिहिला एक. मला दुसरा दिसत होता आणि मी गप्प बसले.

"जुनी बंदूक असं लिहू का?" मी विचारलं.

"बाई, नऊ वर्सं झाली. आजून तुमी गाढवच म्हनताय."

मी 'कार्बाइन' लिहिलं. आम्हा दोघांची अक्कल नेमकी त्याच शब्दाला गहाण पडली. लालासाहेबांच्या डोक्यात कार्बाइन म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घोडेस्वाराचं हत्यार. पोलिसांच्या तोंडी कार्बाइन म्हणजे धडाधड गोळ्या सोडणारी, आजची, कुणाही खासगी माणसाला बंदी असलेली. आचारसंहितेच्या दिवसांत, सांगली जिल्ह्यात, एका घरात कार्बाइन! इतके अर्ज लिहिणाऱ्या बाईला हे सुचू नये? आजही आठवलं की मला माझाच राग येतो.

चौथ्या दिवशी मनुबाईंच्या दारात दोन गाड्या उभ्या राहिल्या. म्हातारीनं रडारड केली नाही. शिपायांना म्हणाली, "आधी पायतान काढा, मग हात लावा." एका शिपायानं खरोखर बूट काढले म्हणे. ती स्वतः अनवाणी गाडीत बसली, पलटणबाबाला मांडीवर घेऊन.

मनुबाईंच्या नातसुनेचा, पूजाचा, फोन आला तसे लालासाहेब दुकानात आले. मिशीसकट चेहरा उतरलेला. मी शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघाले. शब्द माझ्या हातून उमटला होता, मी घरी कशी बसणार? कऱ्हाडपर्यंत एसटी, मलकापूरच्या पुलाखालून दुसरी गाडी.

ठाण्यात मनुबाई बाकावर बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, "आलं व्हय? ही कोन बाई?" लालासाहेबांनीच अर्ज केलाय हे तिला ठाऊक होतं. तिनं त्यांना एक शिवीही दिली नाही, आणि तेच त्यांना सोसवेना.

साहेब माणूस बरा होता. त्याच्याही लक्षात आलं होतं की काहीतरी घोटाळा आहे. म्हणाला, "आमचा आर्मरर बंदोबस्तावर आहे. अर्ज तुमचा, माहिती तुमची. तुम्ही बघा आणि लेखी द्या. डागता येत नसेल, दुरुस्तीनंही येणार नसेल, तर आजी घरी जातील. आमचा माणूस आला की त्यावर सही करील. चालती असेल तर मात्र मला गुन्हा दाखल करावा लागेल. मग आजी कोर्टात आणि ही जप्तीच्या मालखान्यात."

टेबलावर पलटणबाबा आडवा ठेवला. कुणीतरी रॉकेलची बाटली आणि फडकं आणून दिलं. लालासाहेबांनी चपला काढल्या. मी त्यांना देवासमोर कधी चपला काढताना पाहिलं नव्हतं. मग ते मनुबाईंकडे वळले.

"मावशी, इचारतो. एवढंसं काढू का?"

"काडा. पर जेवडं काडशीला तेवडं तुमीच परत लावायचं."

गोळी भरायला ओढतात ती खालची लिव्हर कवचात पुरी बुजली होती. ती त्यांनी ओढून बघितली, हलली नाही. मग फडक्याचं टोक भिजवून डाव्या अंगाच्या फुगवट्यावर धरलं. साहेब फोनवर बोलत खिडकीशी गेले होते. मी जवळ उभी होते म्हणून मला दिसलं. शेंदराची एक खपली निघाली आणि आत कडी होती. कडीच्या वर नखाएवढी जागा मोकळी झाली, आणि तिथलं लोखंड कालच कारखान्यातून आल्यासारखं निळं होतं. गंजाचा ठिपका नाही. शंभर वर्षांच्या तेलानं आणि शेंदरानं ते असं जपलं होतं की तेवढं पलटणीतल्या कुठल्या आर्मररलाही जमलं नसतं. निळ्यावर एक चंद्रकोर, आणि तिच्या शेजारी दुसरीचं टोक.

लालासाहेबांचा हात थांबला. आत असं लोखंड असेल तर कवच उतरवल्यावर लिव्हर सुटणार होती, नळीमागचा ठोकळा हलणार होता, ती चालणार होती. हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. त्यांना जे हवं होतं ते बोटाखाली होतं, आणि ते खरं असणं हाच मनुबाईंवरचा गुन्हा होता.

साहेब फोन ठेवून वळले. "काय म्हणता, हवालदारसाहेब?"

लालासाहेबांनी खपली जागेवर दाबली. अंगठ्यानं शेंदूर त्या चंद्रकोरीवर ओढला, दोनदा, तीनदा. मग मला म्हणाले, "लिवा, बाई."

मी विचारलं, "सदर कार्बाइन...?"

"वस्तू लिवा. सदर वस्तू. पूर्न कंडम. दुरुस्तीनं बी हुनार न्हाई."

मी लिहिलं. त्यांनी सही केली. उभ्या आयुष्यात खोट्या कागदावर त्यांनी केलेली ती पहिली सही. दोन दिवसांनी त्यांच्या कागदावर ठाण्याच्या माणसाचीही सही झाली, पण मनुबाई त्याच संध्याकाळी पलटणबाबाला मांडीवर घेऊन घरी गेली.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "पुरातन आहे असं लिहिलं असतं तर? एखाद्या संग्रहालयात तरी..."

"ते ठरवाया साहेब लोकांची समिती लागती. तवर म्हातारी जामिनावर, आन ही मालखान्यात. मालखान्यातनं शेवटी सगळं भट्टीतच जातं, बाई. मी जन्मभर तेच केलंय." मग म्हणाले, "शेवटची मी मारली न्हवती. पर आता कुनाला सांगू?"

मला वाटलं होतं की आता तरी हा माणूस सुटला. तसं झालं नाही. त्यांनी भिंतीवरच्या चौघींना तेल लावणं सोडलं. अंबूबाई दुकानात येऊन मला म्हणाल्या, "आवं, नुसतं खुंट्यांकडं बघत बसत्यात. जेवान बी जात न्हाई. त्या बंदुका इकल्या तरी मी काय बोलनार न्हाई, पर मानूस बोलाया पायजे."

खंडेनवमीला ते मनुबाईंकडे गेले, कबूल केल्याप्रमाणे शेंदूर लावायला. मलाही नेलं. म्हातारीनं वाटी पुढं केली, त्यांनी डावीकडून सुरुवात केली. जाड थर दिला, बोटांनी हळूहळू सारवला. एवढ्यात पूजा चहा घेऊन आली. नातू यशराज नवं घर बांधतोय, स्लॅब पडलाय. पूजा चांगली मुलगी आहे, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. सहज म्हणाली, "काका, एक इचारू? नव्या घरात असला कोनाडा ठेवला न्हाई. ह्ये म्हनत्यात, आजी हाय तवर आसू दे. मागनं भंगारात दिलं तरी चालतंय, कंडम असल्याचा सरकारी कागदच हाय आपल्याकडं."

लालासाहेबांची बोटं शेंदरातच राहिली. नको देऊ म्हणावं तर का ते सांगावं लागतं, आणि ते सांगितलं की कागद खोटा ठरतो. म्हातारी ऐंशीची. त्यांनी मनुबाईंकडे पाहिलं, पलटणबाबाकडे पाहिलं, आणि पूजाला म्हणाले, "पोरी, द्येव कुटं कंडम होतो व्हय?"

इतक्या कोरड्या माणसाच्या तोंडून ते वाक्य ऐकून मला हसू यायला हवं होतं. पण मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. त्यांनी विचार करून ठरवलं होतं. आता त्या कार्बाइनला कागद वाचवणार नव्हता, कारण कागद आम्हीच बिघडवला होता. तिला वाचवलं तर फक्त भीती आणि भक्तीच वाचवणार होती.

पंधरा दिवसांनी ते दुकानात आले. पत्रक छापायचं होतं, पाचशे प्रती, केशरी कागदावर. कच्चं काम त्यांनी वहीत लिहून आणलं होतं. पलटणबाबाच्या दर्शनानं सीमेवर कोण कसा वाचला, कवच खरवडणाऱ्याचा हात कसा लुळा पडला, नवीन घरात बाबांना जागा न देणाऱ्या कुटुंबाचं पुढं काय झालं. सगळं धादांत खोटं. फुटपट्टीशिवाय एक शब्द न बोलणारा माणूस खाली मान घालून मला खोटं सांगत होता आणि मी टाइप करत होते.

"बंदूक हा शब्द कुटं घालू नका," ते म्हणाले. "दुसरा तर अजाबात न्हाई."

मी पान छापून हातात दिलं. चष्मा पुसून त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. काना-मात्रा तपासल्या. पैसे काढायला खिशात हात घातला आणि तसेच उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "कडी डाव्या अंगाला हाय, येवडं एक लिवलं तर चालंल का?"

मी पुन्हा फाइल उघडली. हात लुळा पडण्याच्या आणि सीमेवर वाचण्याच्या खोट्यानाट्या गोष्टींच्या खाली, शेवटच्या ओळीत, मी लिहिलं, 'बाबांची कडी डाव्या अंगाला असून वर दोन चंद्रकोरी आहेत.' लालासाहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवून ती ओळ अक्षर लावून वाचली, आणि या वेळी त्यांनी एकही शब्द बदलायला सांगितला नाही.